शिकागोत भाव पडला की छावणीत कोण पडतं? (जागतिकीकरण आणि गरिबी)

वहीवाली (इंदूर)

गेली 22 वर्षं मी छावणीच्या धान्य मंडीत एका पेढीवर हिशेब लिहिते. अर्थशास्त्र शिकलेली नाही, बी.कॉम. आहे. पण सोयाबीनची आवक, नीलामी, तुलाई, हम्माली हे सगळं रोज डोळ्यांसमोर असतं आणि त्याचा आकडा माझ्याच हातून वहीत उतरतो. एक प्रश्न फार दिवस मनात घोळतोय, तो इथे मांडते.

2025च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात देपालपूरकडचे एक काका ट्रॉली घेऊन आले. चार एकर जमीन. पाऊस लांबला म्हणून माल ओला. व्यापाऱ्याच्या माणसाने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तळातले मूठभर दाणे काढले आणि एक दाताखाली धरला. दाणा कटकन फुटला नाही, नुसता दबला. मीटर लावला तर ओलावा 16 टक्के. बोली क्विंटलला 3,600वर थांबली. त्या हंगामाचा हमीभाव 5,328. एवढा कमी का, असं काकांनी विचारलं तर तो म्हणाला, "शिकागो ढीला है." पावती करून घ्यायला काका माझ्या टेबलापाशी आले आणि माळवीत विचारू लागले, बाई, हे शिकागो कुठे आलं? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, अमेरिकेत. जगातल्या सोयाबीनचा भाव तिथल्या बाजाराकडे बघून ठरतो. त्यावर ते म्हणाले, "त्यांनी माझा माल कधी बघितला?"

मला उत्तर देता आलं नाही.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड. आपण सोयाबीन तेलासाठी पिकवतो असं लोकांना वाटतं, पण पैशाचा मोठा भाग पेंडीत असतो. ब्राझील, अमेरिका, अर्जेंटिनाची पेंड स्वस्त झाली की आपली पेंड बाहेर कोणी विचारत नाही, तेल गाळणारे प्लँटवाले हात आखडता घेतात आणि तो आखडलेला हात माझ्या टेबलापर्यंत येतो. हे मला कळतं. एवढ्या लांबच्या बाजाराशी जोडलं गेल्यामुळे या काकांची गरिबी कमी झाली की वाढली, हे मात्र ठरवता येत नाही.

ऑगस्ट 2021मध्ये याच मंडीने 10,000चा भाव पाहिलाय. त्या दिवसांच्या वह्या मी पुन्हा काढून बघितल्या. विकणाऱ्यांत चार-पाच एकरवाले जवळजवळ कोणी नव्हते. त्यांचा माल आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच विकून झाला होता. ऑगस्टपर्यंत ज्यांच्याकडे कोरडं गोदाम होतं आणि हातात पैसा होता, त्यांनाच तो भाव मिळाला. मग कोंबड्यांच्या खाद्याची पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाल्यांची ओरड झाली आणि सरकारने त्याच महिन्यात 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. नवं पीक येईपर्यंत भाव उतरला, आणि त्या उतरलेल्या भावात पुन्हा हेच काका उभे.

तुमचे अनुभव सांगा. पुस्तकातलं असेल तरी चालेल, पण समजेल असं लिहा.

निवृत्त_मास्तर (लोकमान्य नगर)

ताई, प्रश्न नेमका मांडलात. आधी मोठं चित्र ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी राहणार नाही.

1990 साली जगातल्या दर तीन माणसांत एकाहून जास्त माणूस अतिगरीब होता. आज दहात एक आहे. हा बदल खोटा नाही आणि लहानही नाही. त्यातला सर्वांत मोठा वाटा एकट्या चीनचा; चाळीस वर्षांत तिथली सुमारे 80 कोटी माणसं त्या रेषेच्या वर आली. जागतिक बँकेच्या आजच्या मोजमापाने भारतातलं अतिगरिबांचं प्रमाण 2011-12 साली 27.1 टक्के होतं, ते 2022-23मध्ये 5.3 टक्क्यांवर आलं. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवताना जपून बोलावं, पण घसरण झाली यात मला शंका नाही.

आता ही रेषा कुठे आहे ते बघा. ती दिवसाला तीन डॉलरची म्हणतात, पण ते डॉलर क्रयशक्तीने मोजलेले असतात. आपल्याकडे 2021च्या भावांनी दिवसाला साठेक रुपये होतात. तुमचे देपालपूरचे काका या रेषेच्या वर आहेत, बहुधा बरेच वर. तरीही ते ओला माल घेऊन उभे आहेत. म्हणजे आकड्यांतली गरिबी आणि मंडीतली अगतिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा प्रश्न दुसरीबद्दल आहे असं मला वाटतं.

दुसरं असं की माळव्याला जग नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात इथली अफू मुंबईमार्गे चीनला जायची. इंदूर-उज्जैनच्या सराफ्याची श्रीमंती त्यावर पोसली गेली. अफूच्या भावावर सट्टा चालायचा. 1913च्या सुमारास चीनची खरेदी थांबली. तेव्हाही भाव दूरच्या बंदरात ठरायचा, आणि पोस्त (अफूचं पीक) पेरणारा सावकाराकडून उचल घेऊनच पेरायचा. सोयाबीनने ते गणित नव्या पिकावर चालवलं.

बऱ्हाणपुरी (पीथमपूर)

मी दुसरी बाजू मांडतो. कृपा करून ती ऐकून घ्या, कारण ती माझ्या घरची आहे.

आमचं घर बऱ्हाणपूरचं. आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर. लूम मालकाचा, सूत मालकाचं, मजुरी मीटरवर. सूत महागलं की मजुरी थांबायची. लाइट गेली तरी थांबायची. मी आयटीआय करून 2006ला पीथमपूरला आलो. तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारीवर लागलो. आज एका औषध कारखान्यात पॅकिंग लाइनवर कायम आहे. आमच्या गोळ्या आफ्रिकेत जातात. डब्यावर एका बाजूला फ्रेंच किंवा पोर्तुगीज छापलेलं असतं. मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही, पण बॅच नंबर आणि मुदत तपासून माझ्या सहीनेच तो खोका पुढे जातो. या पगारावर बहिणीचं नर्सिंग झालं, बऱ्हाणपूरच्या घरावर स्लॅब पडला, आईला पाण्यासाठी बाहेर जावं लागत नाही.

निर्यात नसती तर ही नोकरी नसती. आणि यात फक्त आमचंच भलं झालं असंही नाही. 2001 साली आपल्या सिप्लाने एचआयव्हीची औषधं माणशी वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा बड्या कंपन्यांच्या त्याच उपचाराला 10,000 डॉलरच्या वर पडत होते. कमावता माणूस औषधाविना गेला की ते घर गरिबीत कोसळतं. ती किती घरं भारतातल्या गोळीने सावरली असतील याचा विचार करा. व्यापार बंद असता तर गोळी इथेच राहिली असती.

तेव्हा "जगाशी जोडलं गेलो म्हणून गरीब झालो" असं कोणी म्हणालं की मला लागतं.

वहीवाली

बऱ्हाणपुरीदादा, मनापासून लिहिलंत, पटलंही. एक विचारते. तुम्ही 2006 ते आज असं सरळ लिहिलंत, पण मध्ये 2008 होतं. तेव्हा काय झालं?

बऱ्हाणपुरी

ताई, ते लिहायचं टाळलं होतं खरं.

2008च्या दिवाळीनंतर सुट्या भागांच्या ऑर्डरी थांबल्या. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या, एवढंच आम्हाला टीव्हीवरून ठाऊक. कायम कामगारांना आठवड्यातले काही दिवस घरी बसवलं. ठेकेदारीवाल्यांना एका संध्याकाळी गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आम्ही खोलीत सहा जण होतो. चौघे गावी गेले, त्यातले दोघे पुन्हा कधी आलेच नाहीत. मी थांबलो, कारण वडिलांचा लूम तेव्हा चालू होता. ते महिन्याला थोडे पैसे पाठवत राहिले. सात महिने पीठ गिरणीत काम केलं. मग औषध कारखान्यात भरती निघाली.

मला थांबता आलं म्हणून मी आज कायम आहे. जे परत आले नाहीत त्या दोघांचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मालवा_मिल_चौक

बऱ्हाणपुरीदादांचं वाचून लिहावंसं वाटलं. एरवी मी फक्त वाचते.

माझे बाबा एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, होते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. माझ्या लहानपणी भोंगा वाजला की अख्खी गल्ली हलायची. तीन पाळ्या, सायकलींची रांग, पाटणीपुऱ्याच्या चौकात चहाची गर्दी. मी सहावीत असताना गिरणी बंद पडली. मालकांनी काढली असं कोणी सांगितलं नाही. आधी पगार उशिरा, मग अर्धा, मग एक दिवस गेटला कुलूप. बाबा पुढे दोन वर्षं रोज सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जाऊन यायचे. आईला वाटायचं की एक दिवस ते कुलूप उघडलेलं असेल.

आईने पापड लाटले, मी आणि ताईने नायट्यांना काज-बटण केलं. शंभर नगांची थप्पी असायची. सुईने बोटाला पडलेलं भोक दिसू नये म्हणून शाळेत हात मागे ठेवायचे. बाबांनी शेवटी एका शोरूमच्या दाराशी रखवालदारी केली. त्या शोरूममध्ये परदेशी ब्रँडचे शर्ट होते. बाबा हाताला कापड लागलं की सूत किती काउंटचं ते सांगायचे. तिथे त्यांना कापडाला हात लावायची परवानगी नव्हती.

देणी निघतील, देणी निघतील, यात बाबा गेले. मी आज बँकेत आहे, माझं चांगलं चाललंय, माझी मुलगी बंगळुरूला एका परदेशी कंपनीत आहे. कोणी हिशेब मांडलाच तर आमचं घर "वर आलेलं" म्हणून मोजलं जाईल. बाबांची ती तीस वर्षं कुठल्या रकान्यात मांडायची, हे मला अजून कळलेलं नाही.

औंधकर

मी पुण्याचा, इंदूरचं फार माहीत नाही. पण भाव मिळत नाही तर शेतकरी सोयाबीन सोडून दुसरं काही का घेत नाहीत? बाजार तेच सांगतोय ना?

वहीवाली

मालवा_मिल_चौक, तुमचं दोनदा वाचलं. बाबांबद्दल आणखी लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा.

औंधकर, माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, चालायला गेलं तर पाय रुततो. सोयाबीन यायच्या आधी, म्हणजे 1970च्या आसपासपर्यंत, कितीतरी शेतं खरिपात पडीक ठेवायचे आणि ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचे. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, त्यामागे गहू बसतो, आणि रोख पैसा देतं. त्याने या भागाला एक जास्तीचं पीक दिलं. आमच्या पेढीवरच्या जुन्या मुनीमजींच्या म्हणण्याप्रमाणे सोयाबीनच्या पैशानेच गावोगाव पक्की घरं आणि मोटारसायकली आल्या. त्या वेळी पेंड परदेशात जात होती म्हणूनच तो पैसा आला. म्हणजे जगाच्या बाजाराने काकांच्या वडिलांना वर काढलं, आणि काकांना तोच बाजार आता तिथेच धरून ठेवतोय. मका, तूर घ्यायला लोक लागलेत, पण ज्याच्यावर खतवाल्याचं देणं आहे तो प्रयोग करताना शंभरदा विचार करतो. एक हंगाम फसला तर त्याला दुसरा मिळत नाही.

कढईवाला (इंदूर)

धागा उशिरा पाहिला. मी शेव-चिवड्याचं लहान काम करतो, 2009पासून. दोन भट्ट्या, पाच बायका आणि एक कारागीर. आमच्याकडून माल घेणारे बहुतेक वस्त्यांतले किराणावाले, पाच-दहा रुपयांची पुडी. माझं गिऱ्हाईक म्हणजे मजूर.

इथे सगळे सोयाबीनचा भाव वाढावा म्हणताय. मलाही काकांचं वाईट वाटतं. पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि त्याचा सर्वांत मोठा खरेदीदार बंगल्यातला नसतो. एप्रिल 2022च्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली. युक्रेनच्या लढाईमुळे सूर्यफूल तेल आधीच अडकलं होतं. ती बंदी तीन-साडेतीन आठवडे चालली, 23 मेला उठली. तेवढ्या दिवसांत 15 किलोच्या डब्याचा भाव मला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा सांगत होते. किराणा दुकानात सोया तेल किलोला दीडशेच्या वर गेलं, जे दोन वर्षांपूर्वी शंभराच्या आसपास होतं.

पाचाची पुडी पाचालाच विकायची असते, सहाची करता येत नाही. मग आत वजन कमी करावं लागतं. 40 ग्रॅमचे 32 केले. त्या रात्री पुड्या भरताना आमच्याकडची एक बाई म्हणाली, भैया, ही माझीच मुलं खाणार आहेत. मी दुसऱ्या दिवशी 35 केले आणि तोटा सोसला. पंधरा दिवस सोसता आला. बाजूच्या गल्लीतल्या दोघांना नाही आला, त्यांच्या भट्ट्या विझल्या.

सप्टेंबर 2024मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क सगळं धरून 5.5 टक्क्यांवरून 27.5 केलं, सोयाबीनवाल्यांसाठी. मे 2025मध्ये महागाईसाठी 16.5वर आणलं. पहिल्या वेळी मी रडलो, दुसऱ्या वेळी काका रडले असतील. दोघंही गरीब माणसंच आहोत, आणि एकाच्या पोटावर पाय दिल्याशिवाय दुसऱ्याला उचलता येत नाही असा हा पेच झालाय.

निवृत्त_मास्तर

कढईवाल्यांनी फार महत्त्वाची गाठ दाखवली. देश तेलात नेहमीच असा परावलंबी नव्हता. 1986ला तेलबियांचं मिशन सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. पुढे 1994ला पामोलीनची आयात खुली झाली, 1998पर्यंत शुल्क 15 टक्क्यांवर आलं, आणि तेलाचं पारडं फिरलं. जागतिक व्यापार संघटनेत आपण पाम तेलावर 300 टक्क्यांपर्यंत शुल्काची मुभा राखली, सोया तेलावर मात्र 45 टक्क्यांचीच. करार करताना कुणाला माळवा आठवला नसावा.

मालवा_मिल_चौक यांच्या बाबांसाठी एक लिहितो. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991मध्ये बंद झाली, पाच हजारांहून जास्त कामगार. त्यांची 224 कोटींची देणी मिळाली डिसेंबर 2023मध्ये. बत्तीस वर्षं. मधल्या काळात कितीतरी कामगार गेले. पैसे वारसांच्या हाती आले.

पण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो, इंदूरच्या गिरण्या जागतिकीकरणाने मेल्या असं म्हणू नका. खुलं धोरण जुलै 1991मध्ये आलं आणि गिरण्या त्याआधी दहा-पंधरा वर्षं आजारी होत्या. यंत्रं जुनी, नफा बाहेर काढलेला, पॉवरलूमची स्पर्धा, पॉलिएस्टरचा जोर. जागतिकीकरणाने एवढं केलं की मेलेल्या गिरणीला पुन्हा उभं करायचं कारण कुणाला उरलं नाही. आणि कामगाराला दुसरीकडे उभं करायची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

याबद्दल एक अभ्यास माझ्या मनात घर करून आहे. पेटिया टोपालोवा या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1991नंतरचा भारत जिल्हावार तपासला. आपलं सरासरी आयातशुल्क 1990ला 80 टक्क्यांच्या वर होतं, ते 1996पर्यंत चाळिशीच्या खाली आलं. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांना ही कपात जास्त झोंबली, तिथे गरिबी कमी होण्याचा वेग इतर जिल्ह्यांपेक्षा मंद राहिला. देशभर गरिबी घटत होती, ही माणसं मागे राहत होती. कारण शोधताना त्यांना दिसलं की लोक जिल्हा सोडून किंवा धंदा बदलून गेलेच नाहीत. पुस्तकात लिहिलेलं असतं की मजूर पडत्या धंद्यातून चढत्या धंद्यात जातो. खरा मजूर तसा उडी मारून जात नाही. त्याचं घर असतं, उधारी असते, म्हातारी आई असते. त्याच्या हाताला एकच काम येत असतं. बाबा दोन वर्षं डबा घेऊन गेटवर जात होते, यातच तो सगळा अभ्यास आला.

बांगलादेश घ्या. कपड्यांच्या निर्यातीने तिथल्या लाखो बायकांना पहिल्यांदा स्वतःचा पगार दिला, मुली शाळेत टिकल्या, लग्नं लांबली. हे खरं. आणि 24 एप्रिल 2013ला राणा प्लाझा कोसळून 1,100हून जास्त माणसं मेली, हेही त्याच निर्यातीत घडलं. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते. तरी ती माणसं आत गेली, कारण एक दिवसाचा खाडा त्यांना परवडणारा नव्हता.

सेंधवा_घाट

मी निमाडात, बडवानी जिल्ह्यातल्या सेंधव्याला शिक्षिका आहे, माहेर इंदूरचं, रामबाग. मास्तर, तुम्ही माझ्या मोठ्या भावाला शिकवलंय.

इथे कापसाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. निमाडाचा कापूस म्हणजे आमचा सोयाबीन. ऑगस्ट 2025मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं आणि कपड्याचे कारखाने अडचणीत आले. त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने त्याच महिन्यात कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं. कारखान्यातली नोकरी वाचवायची होती, हेतू वाईट नव्हता. पण ते झालं नवा कापूस घरी यायच्या तोंडावर.

अमेरिकेतला कापूस उत्पादक स्वस्त विकू शकतो तो त्याच्या सरकारच्या अनुदानावर. ब्राझीलने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि 2014ला अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. ब्राझीलकडे वकील होते, ताकद होती. माली, बुर्किना फासोचे शेतकरी त्याच कापसावर जगतात, त्यांच्या सरकारांनी विनंत्या केल्या. आमच्या बडवानीचा बारेला आदिवासी शेतकरी तर कुठल्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्याबद्दल एक सांगायचंय. दिवाळीनंतर वर्गातली पटावरची निम्मी नावं हजेरीत "ग" होतात. आईबाप ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत, महाराष्ट्रात जातात आणि मुलं बरोबर. नीती आयोगाच्या पहिल्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात आमच्या शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यात 71 टक्के लोक गरीब होते, आणि आपल्या इंदुरात 11च्या आत. मधे दोनशे किलोमीटर रस्ता. नंतरच्या पाहणीत अलीराजपूरचा आकडा खूप खाली आला, ते मला इथेही दिसतं: गॅस आला, लाइट आली, बँकेत खातं आहे. पण मागच्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी फेब्रुवारीत परत आली तेव्हा पाढे विसरली होती. मी तिला सतराचा पाढा म्हणायला लावला तर ती सुरतेच्या इमारतीचे मजले मोजल्यासारखी बोटं वर करत गेली. तिचे वडील पगार घेऊन आले होते, आकड्यांत ते घर वर चढलं असणार. ती मुलगी मात्र एक इयत्ता खाली उतरली होती.

बऱ्हाणपुरी

सेंधवाताई, कढईवालेदादा, मालवा_मिल_चौकताई, तुमचं वाचून माझं मत बदललं असं म्हणणार नाही. निर्यात हवीच. पण मी आजवर असं समजत होतो की मी मेहनतीने वर आलो आणि ते दोघे मित्र कमी पडले. काल रात्री त्यांतल्या एकाचा नंबर गावच्या ओळखीतून मिळवला. तो बऱ्हाणपूरला केळीच्या गाड्या भरतो. अर्धा तास बोललो. आमच्या कारखान्यात भरती निघाली की कळवेन म्हटलं, तर म्हणाला, वय निघून गेलं रे.

औंधकर

वर मी "बाजार सांगतोय ना" असं लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. मग करायचं काय? ताई, तुम्ही मंडीत बसता, तुम्हाला काय दिसतं?

वहीवाली

मोठं उत्तर माझ्याकडे नाही. मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बऱ्हाणपुरीदादांना सात महिने थांबता आलं, कढईवाल्यांना पंधरा दिवस, 2021च्या बड्या शेतकऱ्याला ऑगस्टपर्यंत. काकांना एक दिवसही थांबता येत नाही. जगाचा बाजार सगळ्यांना एकाच भावाने विचारतो, पण कोणाला कधी विचारतो यावर सगळं ठरतं.

भावांतर योजनेत काकांची नोंद आहे, हमीभाव आणि सरासरी भावातला फरक त्यांच्या खात्यात येईल. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवणार नाही. पण फरक सगळ्या राज्याच्या सरासरीवरून निघतो. ओल्या मालाला सरासरीहून कमी मिळाले ते कमीच राहतात. आणि खतवाल्याला पैसे त्याच संध्याकाळी हवे होते.

मला तारणकर्जाची वाट जास्त खरी वाटते. नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की त्याची पावती आता कॉम्प्युटरवर निघते आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते. कायदा 2007चा आहे. व्यापारी ती सर्रास वापरतात. माझ्या वह्यांत चार एकरवाल्याच्या नावाची एकही पावती नाही. बारा क्विंटल घेऊन एकटा माणूस गोदामाच्या दारात गेला तर भाडं आणि वाहतूकच अंगावर येते. पाच-सहा जणांनी एकत्र ठेवला तर जमेल.

मालवा_मिल_चौक

ताई, मी बँकेत आहे असं वर लिहिलं होतं, पण कुठल्या कामावर ते लिहिलं नाही. मी कर्ज विभागातच आहे. पावतीवरची प्रकरणं आमच्याकडे येतात, सगळी मोठ्यांची. लहान शेतकऱ्याचं प्रकरण नियमात बसत नाही असं नाही, कोणी आणतच नाही. तुमच्या काकांकडे अजून माल आहे का?

वहीवाली

आहे. मी काल फोन केला. त्या दिवशी त्यांनी निम्मा विकला, नऊ क्विंटल घरी आहे. शेजारच्या तिघांचा मिळून तीस-बत्तीस क्विंटल होईल म्हणाले.

मालवा_मिल_चौक

मग आधार, बँकेचं पासबुक आणि जमिनीचा खसरा (सातबाऱ्यासारखा उतारा) घेऊन या. सोमवारी मी अकरापासून आहे. आधी गोदामात माल लागू द्या. ओलावा 12च्या आत असेल तरच ते घेतील.

वहीवाली

आज सकाळी पुन्हा फोन केला. काकूंनी उचलला. ऊन चांगलं आहे, गच्चीवर ताडपत्री टाकून माल पसरलाय, दर तासाला पायाने फिरवतेय म्हणाल्या. दाताखाली धरून बघा म्हटलं. थोडा वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही, मग त्या म्हणाल्या, "अजून दबतोय. दोन दिवस लागतील."

सोमवारी सकाळी नऊला मी देपालपूर नाक्यावर उभी असेन. काय होतं ते इथेच लिहिते.